गल्लीचें ऋण

गगनबावड्याच्या पावसाचें वर्णन करण्याच्या भरीस मी पडणार नाहीं. ज्यांनीं तो पाहिला आहे त्यांस वर्णनाची जरुरी नाहीं, आणि ज्यांनीं पाहिला नाहीं त्यांस तें अतिशयोक्तीचें वाटेल. कोल्हापुराहून पश्चिमेस निघालेला रस्ता जेथें सह्याद्रीच्या कड्याशीं येऊन थबकतो आणि मग करूळच्या व भुईबावड्याच्या घाटांनीं कोंकणांत उतरतो, तेथें हें गांव वसलें आहे. 'आज्ञापत्र' हा राजनीतीवरील ग्रंथ ज्यांच्या नांवावर आहे त्या रामचंद्रपंत अमात्यांच्या घराण्याची बावडा जहागीर ती हीच. गेल्या श्रावणांत कांहीं कामानिमित्त मी तिकडे गेलों असतां घाटांत दरड आल्याची वार्ता आली, आणि दोनअडीच तास एका चहाच्या टपरींत अडकून पडण्याचा योग आला.

टपरींत चारपांच तरुण मुलें बसलीं होतीं. त्यांतील एकानें मोबाइलवर ठेका लावला होता, आणि त्या ठेक्यावर तो स्वतः रचलेलें कांहीं तरी म्हणत होता. म्हणत होता असेंच म्हटलें पाहिजे. कारण त्याला गाणें म्हणावें तर सूर नव्हता, आणि भाषण म्हणावें तर यमक सुटत नव्हतें. विषय त्याच्या घराचा होता : गळणारें छप्पर, वेळेवर न येणारी एस.टी., उसाचे थकलेले पैसे. बाकीचीं मुलें मान डोलवीत होतीं. इतक्यांत शेगडीपुढें बसलेली टपरीची मालकीण मागें वळून म्हणाली, "आरं, घर गळतंय म्हणून गातोस, पर रातच्याला गळणाऱ्या जागी भांडी कोण ठेवतंय? तुझी आय. तिचं नाव कुटं हाय ह्यात?"

मुलें हंसलीं. तो मुलगा मात्र गप्प झाला. थोड्या वेळानें तो पुनः म्हणूं लागला तेव्हां त्यांत दोन ओळींची भर पडलेली होती. रात्रीं उठून भांडीं मांडणारी त्याची आई त्यांत आली होती. मावशीनें वळून पाहिलें नाहीं. चहा गाळतां गाळतां नुसती मान हलविली.

पुढें त्या मुलांत डिव्हाइन या मुंबईच्या गायकावरून वाद निघाला. एक म्हणाला, "आता त्यो मोठा माणूस झालाय. आता त्याला गल्ली कशाला पायजे? गाण्यापुरती." दुसरा तितक्याच तावानें म्हणाला, "मग त्यानं काय जनमभर गल्लीतच मरायचं व्हय?" हीं दोन वाक्यें ऐकलीं आणि मला वाटलें, आमच्या वर्गांत वर्षभर चर्चा करूनही प्रश्न इतक्या नेमकेपणानें मांडला जात नाहीं. ज्या गल्लीचें दुःख गाऊन मनुष्य मोठा झाला, त्या गल्लीच्या नांवानें बोलण्याचा अधिकार त्याला मोठेपणीं उरतो काय? आणि मुळांत हा अधिकार त्याला येतो तरी कोठून?

ज्या वाचकांच्या कानांवर हा प्रकार केवळ मुलांच्या खोलींतून येणाऱ्या गोंगाटाच्या रूपानेंच गेला असेल, त्यांच्यासाठीं थोडी पूर्वपीठिका सांगणें अवश्य आहे. ११ ऑगस्ट १९७३ रोजीं न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागांत, सेजविक अव्हेन्यूवरील एका इमारतींत, जमैकेहून आलेल्या कुटुंबांतील सिंडी कॅम्पबेल नांवाच्या मुलीनें शाळेच्या नव्या कपड्यांसाठीं पैसे जमावे म्हणून एक लहानसा मेळावा भरविला. तिचा भाऊ क्लाइव्ह, ज्याला पुढें लोक कूल हर्क या नांवानें ओळखूं लागले, तबकड्या वाजवीत होता. तबकडींतील ज्या तुकड्यावर लोक अधिक रंगून नाचत तोच तुकडा दोन तबकड्यांच्या साह्यानें लांबवीत नेण्याची त्याची युक्ति होती. त्या लांबविलेल्या ठेक्यावर कोणी शब्द फेंकावे, दुसऱ्यानें त्यांस उत्तर द्यावें, असें करतां करतां एक नवी वाचा जन्मास आली. आरंभीं ती करमणुकीची होती. १९८२ सालीं 'द मेसेज' हें गाणें निघालें, आणि पडक्या वस्तींतील जगणें हा या वाचेचा गंभीर विषय होऊन बसला. २०१८ सालीं केंड्रिक लामार या रॅप-गायकास संगीताचें पुलित्झर पारितोषिक मिळालें, तेव्हां विद्वानांच्या ओसरीवरही तिला पाट मांडला गेला.

आपल्याकडे ही वाचा ज्यांच्या तोंडून प्रथम खऱ्या अर्थानें रस्त्यावरची झाली, त्यांत व्हिव्हियन फर्नांडिस ऊर्फ डिव्हाइन याचें नांव पुढें येतें. त्याचा जन्म १९९० चा. वाढला तो अंधेरीच्या गल्लींत. आईला नोकरीसाठीं परदेशीं जावें लागलें, आणि मुलगा आजीच्या हाताखालीं वाढला. शाळेंतील एका मित्राच्या अंगांतील सदऱ्यावर एका अमेरिकन रॅप-गायकाचें चित्र होतें; त्या चित्राविषयींच्या कुतूहलांतून त्याची या गाण्याशीं ओळख झाली. प्रारंभीं तो इंग्रजींतच रचना करी. पुढें त्यानें तें सोडून मुंबईच्या रस्त्यावरची हिंदी धरली. २०१३ मध्यें 'ये मेरा बॉम्बे' आणि २०१५ मध्यें कुर्ल्याच्या नावेद शेख ऊर्फ नेझी याच्यासह 'मेरे गली में', अशीं त्याचीं गाणीं निघालीं. नेझीची गोष्टही ऐकण्यासारखी आहे : त्याचें २०१४ मधील 'आफत' हें गाणें घरच्या एका आयपॅडवर तयार झालें. या दोघांच्या आयुष्यावरून स्फुरलेला, पण कथा कल्पित असलेला 'गली बॉय' हा झोया अख्तर यांचा चित्रपट फेब्रुवारी २०१९ मध्यें प्रथम बर्लिनच्या महोत्सवांत व मग आपल्याकडे झळकला. त्याच वर्षीं डिव्हाइनचा पहिला गीतसंग्रह 'कोहिनूर' प्रसिद्ध झाला. गल्ली चित्रपटगृहांत आली, आणि गल्लींतला मुलगा गल्लीबाहेर गेला. टपरींतील वाद नेमका येथून सुरू होतो.

या वादास तीन उत्तरें सामान्यतः दिलीं जातात. तिन्ही मला कमीअधिक अपुरीं वाटतात.

पहिलें उत्तर असें, कीं ज्यानें भोगलें त्यालाच गाण्याचा अधिकार; आणि एकदां भोगलें कीं तो अधिकार कायमचा. या उत्तराच्या बाजूनें उभें करावें असें आपल्याकडील सर्वांत मोठें नांव अण्णाभाऊ साठे यांचें आहे. १ ऑगस्ट १९२० रोजीं वाळवें तालुक्यांतील वाटेगांवीं, मातंग कुटुंबांत त्यांचा जन्म झाला. शाळेचा व त्यांचा संबंध एकदोन दिवसांपलीकडे गेला नाहीं. लहान वयांत वडिलांबरोबर ते पायीं मुंबईस आले, मिळेल तें काम केलें, गिरणींत राबले, आणि घाटकोपरच्या चिरागनगरच्या झोपडींत राहून त्यांनीं आपलें बहुतेक लेखन केलें. १९४४ सालीं अमर शेख व द. ना. गवाणकर यांच्यासह त्यांनीं लाल बावटा कलापथक उभें केलें. कल्पनेच्या भराऱ्या आपल्यास जमत नाहींत, आपण पाहिलें व जगलों तेंच लिहितों, अशा आशयाचें त्यांनीं स्वतःविषयीं म्हटलें आहे. अनुभव हेंच प्रमाण, या मताचा याहून थोर साक्षीदार कोणता?

तथापि थोडें थांबून पाहिलें तर या प्रमाणांत एक उणीव दिसते. दुःख भोगलेला प्रत्येक मनुष्य दुःखाविषयीं खरें बोलतोच असें नाहीं. भोगलेलें दुःख हें धनासारखें आहे. त्याचा कोणी सद्व्यय करतो, कोणी तें दाखवीत फिरतो, आणि कोणी त्यावर व्याज वसूल करतो. उलट, ज्याचा जन्म त्या वस्तींत झाला नाहीं अशा माणसानेंही तिचा स्वर आत्मसात् केल्याचीं उदाहरणें आपल्या शाहिरीच्या इतिहासांतच आहेत. रेठरें हरणाक्षचे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी (१८६६–१९४५) हे कुलकर्णी वतनाच्या घरांत जन्मले. तें घर, ती जात आणि ती प्रतिष्ठा सोडून ते तमाशांत गेले आणि पठ्ठे बापूराव झाले. बोर्डावर उभें राहिल्यावर फडानें त्यांस जन्माचा दाखला विचारला नाहीं. समोरच्याचा सवाल घेतां येतो कीं नाहीं, एवढेंच पाहिलें. तेव्हां जन्म आणि भोग यांनीं गाण्यास आरंभ होऊं शकतो. पण त्यांनीं गाण्याचा खरेपणा कायमचा सिद्ध होत नाहीं.

दुसरें उत्तर अधिक कडक आहे. ज्याला गरिबांच्या नांवानें बोलावयाचें त्यानें गरीबच राहिलें पाहिजे. पैसा आला कीं वाणी बाटली. हें मत ऐकावयास मोठें तेजस्वी वाटतें, आणि मला सांगावयास लाज वाटते कीं तरुणपणीं मीही तें मोठ्या आवेशानें मांडीत असें. आतां मला त्यांत तेजापेक्षां क्रौर्य अधिक दिसतें. तें मांडणारे कोण असतात हें जरा पाहा. ते त्या गल्लीत राहणारे क्वचितच असतात. ते बहुधा आपल्यासारखे, पक्क्या छपराखालीं बसून कवितेच्या सच्चेपणाची चिकित्सा करणारे असतात. कवीचें पोट भरलें तर आपल्या सहानुभूतीचा विषय नाहींसा होतो, म्हणून त्याचें पोट रिकामें राहावें, असा या मताचा अर्थ होतो.

स्कॉटलंडचा शेतकरी कवि रॉबर्ट बर्न्स याचा पहिला काव्यसंग्रह १७८६ सालीं निघाला, तेव्हां एडिंबरोच्या दिवाणखान्यांनीं त्याला डोक्यावर घेतलें. कारण नांगर धरणाऱ्या हातानें कविता लिहावी यांतील नवलाई त्यांस मोहक वाटली. नवलाई सरली, दिवाणखाने मिटले, आणि पुढें जकातीची नोकरी करीत हा कवि १७९६ सालीं सदतिसाव्या वर्षीं मेला. अण्णाभाऊंच्या 'फकिरा' कादंबरीस १९६१ मध्यें राज्य शासनाचा पुरस्कार लाभला, ते त्याच वर्षीं रशियाचा प्रवास करून आले. आणि तरीही त्यांच्या आयुष्याचा बहुतेक काळ झोपडींत गेला. १८ जुलै १९६९ रोजीं ते गेले तेव्हां त्यांस पुरतीं एकोणपन्नास वर्षेंही झालीं नव्हतीं. त्यांच्या त्या दारिद्र्याचें आज आपण गौरवानें वर्णन करतों, जणूं तोही त्यांच्या साहित्याचा एक अलंकार होता. तो अलंकार नव्हता. तो आपल्या समाजाचा हलगर्जीपणा होता. टपरींतल्या दुसऱ्या मुलाचा संताप या दृष्टीनें सर्वस्वीं न्याय्य आहे. आजीजवळ वाढलेल्या मुलाला चार चांगले दिवस दिसले तर गल्लीचें काय बिघडलें? गल्लींतल्या प्रत्येक आईची आपल्या मुलासाठीं हीच तर इच्छा असते.

तिसरें उत्तर रसिकांचें आहे. गाणें गाण्यासारखें असलें कीं झालें. गाणारा कोण, कोठें राहतो, काय खातो, याची चौकशी कशाला? या उत्तरांत पुष्कळ तथ्य आहे, आणि फुलाच्या, चंद्राच्या किंवा विरहाच्या गाण्याला तें पूर्णपणें लागू पडतें. परंतु गल्लीचें गाणें एक शब्द वापरतें, आणि त्या शब्दामुळें तें रसिकतेच्या संरक्षणाबाहेर पडतें. तो शब्द 'आम्ही'. 'मी' म्हणणारा कवि स्वतःपुरता उत्तरदायी असतो. 'आम्ही' म्हणणारा कवि हजारों न बोलणाऱ्या माणसांच्या वतीनें उभा राहतो. त्याची स्थिति वकिलासारखी आहे. फरक इतकाच कीं, वकिलाजवळ पक्षकाराच्या सहीचें वकीलपत्र असतें, आणि कवीजवळ तें नसतें. सहीशिवाय घेतलेल्या वकिलीचा खरेपणा कशावरून ओळखावा? माझ्या मतें एकाच गोष्टीवरून : पक्षकार न्यायालयांत हजर आहे काय, आणि आपला वकील चुकीचें बोलला तर त्याला मध्येंच अडविण्याची सोय त्याला आहे काय?

माझें म्हणणें थोडक्यांत असें. गल्लीच्या नांवानें बोलण्याचा अधिकार जन्मानें मिळत नाहीं, दारिद्र्यानें टिकत नाहीं, आणि संपत्तीनें नाहींसाही होत नाहीं. ज्यांच्याविषयीं आपण गातों त्यांस आपलें गाणें कळावें, आणि त्यांनीं तोंडावर दिलेलें उत्तर आपल्याला ऐकूं यावें, इतक्या अंतरावर गाणारा जोंवर उभा आहे तोंवर त्याचा अधिकार शाबूत आहे. तें अंतर वाढलें कीं त्याचें गाणें कितीही ठसकेदार असलें तरी तें उसन्या वेदनेचें होतें. मग ती वेदना एके काळीं त्याची स्वतःची कां असेना.

हें मत मीं कोठून परदेशाहून आणलेलें नाहीं. आपल्या कलगीतुऱ्याच्या फडाची ही साधी रीत होती. तुरेवाले शिवाची थोरवी सांगत, कलगीवाले शक्तीची. एकानें सवाल टाकावा, दुसऱ्यानें त्याचा जबाब द्यावा, आणि जबाब देतां आला नाहीं तर सर्वांदेखत हार मानावी. तेथें फुशारकीला मज्जाव नव्हता. पण फुशारकी मारणाराला समोरचा डफ ऐकावाच लागे. रॅपचें मूळचें शीलही असेंच आहे. मुलें गोल करून उभीं राहतात, त्यास तीं सायफर म्हणतात. एकाचें म्हणणें दुसरा उचलतो, खोडतो, उलटवितो. ब्राँक्सची गल्ली आणि आपला फड यांचा एकमेकांस पत्ता नव्हता, तरी दोघांनीं हा एकच नियम शोधून काढला, यांत मला योगायोगापेक्षां अधिक कांहीं दिसतें. ज्यांच्याजवळ ना छापखाना ना न्यासपीठ, त्यांनीं खऱ्याखोट्याची परीक्षा करण्यासाठीं दुसरें कोणतें साधन वापरावें?

एका मुंबई शहराचेंच उदाहरण घ्या. पठ्ठे बापूरावांनीं मुंबईची लावणी रचली, तींत शहराच्या झगमगाटाचें व वैभवाचें कौतुक आहे. त्यानंतर अण्णाभाऊंनीं मुंबईची लावणी रचली. तींत एका बाजूस मलबार हिल आणि दुसऱ्या बाजूस दरिद्री वस्त्या अशीं शहराचीं दोन तोंडें समोरासमोर ठेवलीं. पहिल्या लावणीला दिलेला हा जणूं जबाबच होय. आणि २०१३ मध्यें एक तरुण पुनः त्याच शहरावर, तें माझें आहे असें सांगत, एक गाणें घेऊन उभा राहतो. तिघांच्या काळांत, जातिधर्मांत आणि भाषेंत केवढें अंतर! तरी एकाच फडावर मागेंपुढें उभे असल्याप्रमाणें ते मला दिसतात. यांपैकीं कोणाचीही मुंबई एकट्यानें पुरी खरी नाहीं. एकानें म्हटलें त्यास दुसरा उत्तर देऊं शकला, म्हणून तिघांची मिळून खरी आहे.

या कसोटीवर डिव्हाइनच्या आयुष्यांतील मला महत्त्वाची वाटणारी गोष्ट त्याचें यश नव्हे. त्यानें इंग्रजी सोडून रस्त्याची भाषा धरली, ही ती गोष्ट होय. इंग्रजींत तो गल्लीविषयीं बोलूं शकत होता. पण गल्ली त्याला उत्तर देऊं शकत नव्हती. भाषा बदलल्याबरोबर आजीपासून नाक्यावरच्या पोरापर्यंत प्रत्येकाला त्याचें गाणें खोडून काढण्याचा अधिकार प्राप्त झाला. कलावंत आपल्या श्रोत्यांस देऊं शकतो असें याहून मोठें दान मला माहीत नाहीं. पुढें त्यानें गली गँग ही संस्था काढून इतरांचीं गाणींही प्रसिद्ध करण्यास आरंभ केला. तींत व्यवहार किती आणि ऋणफेड किती, याचा निवाडा मी करीत नाहीं. तो त्याच्या गल्लीनें करावा. पण आपण बाहेर पडलों तो दरवाजा मागच्यासाठीं उघडा ठेवणें हा ऋण फेडण्याचा एक प्रामाणिक मार्ग आहे, आणि गरीब राहून दाखविण्यापेक्षां तो कितीतरी अधिक उपयोगाचा आहे.

याहूनही पुढचें एक पाऊल मुंबईच्या 'स्वदेशी' या गायकमंडळानें टाकलेलें दिसतें. आरे जंगलाच्या तोडीविरुद्ध २०१९ मध्यें त्यांनीं 'द वारली रिव्होल्ट' हें गाणें काढलें, त्यांत आरेच्या पाड्यावर राहणारे प्रकाश भोईर यांचा आवाज आहे. ज्याचें जंगल, तो स्वतःच गाण्यांत उभा! वकील आणि पक्षकार एकाच व्यासपीठावर आल्यावर वकीलपत्राचा प्रश्नच उरत नाहीं.

आतां माझ्या मतावर दोन आक्षेप घेतां येतील, त्यांचा विचार केला पाहिजे. पहिला असा, कीं गल्लीचें उत्तर नेहमींच शहाणपणाचें असतें काय? गल्लीलाही आपले दुराग्रह असतात. तिला न रुचणारें सत्य सांगणें हें कवीचें कर्तव्यच नव्हे काय? आक्षेप रास्त आहे. पण उत्तर ऐकणें आणि उत्तर मानणें या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. तुकोबांना देहूनें बोल लावले नाहींत काय? तरी ते कीर्तनास देहूंतच उभे राहिले. देहूला सोडून देहूविषयीं बोलले नाहींत. गल्लीशीं भांडणें हाही गल्लीजवळ राहण्याचाच एक प्रकार आहे.

दुसरा आक्षेप अधिक बोचणारा आहे. गल्लींत सर्वांनाच कोठें उत्तर देतां येतें? या गाण्यांत शिव्या असतात, नशेची प्रौढी असते, आणि स्त्रीविषयींचा हलकेपणा तर पुष्कळदां असतो. नाक्यावर उभी राहून उत्तर देणारी सगळीं मुलेंच. घरांत राबणारी आई, रात्रीं त्या नाक्यावरून मान खालीं घालून जाणारी बहीण, यांचा डफ कोणी वाजवावा? हा दोष खरा आहे, आणि आपल्या शृंगारिक लावणीसही तो लागला होता हें विसरून चालणार नाहीं. परंतु यावरून माझें मत पडत नाहीं. उलट तें किती दूरवर न्यावें लागतें हें कळतें. 'आम्ही' म्हणणाऱ्यानें आपल्या 'आम्ही'मध्यें कोणाकोणास धरलें आहे, हें त्याला विचारलें गेलें पाहिजे. गगनबावड्याच्या त्या मावशीनें दुसरें काय विचारलें? शिक्षणाचा वारा नसलेल्या त्या बाईनें एका प्रश्नांत जी समीक्षा केली, ती करण्यास मला इतकीं पानें लागलीं.

येथें मला स्वतःची एक गोष्ट सांगितली पाहिजे; ती सांगितल्यावांचून वरील सर्व उपदेश मला शोभणार नाहीं. सुमारें पंधरा वर्षांपूर्वीं मी आमच्या महाविद्यालयाच्या वार्षिक अंकाचा संपादक होतों. गगनबावडा तालुक्यांतल्याच एका विद्यार्थ्यानें मजकडे एक कविता आणून दिली. ती त्याच्या आईवर होती. पावसांत चिखलणीस जाणाऱ्या, पाय कुजलेल्या आईवर. कविता ओबडधोबड होती, पण जिवंत होती. मीं ती मोठ्या आस्थेनें दुरुस्त केली. गांवठी शब्द काढले, वृत्ताचे पाय सरळ केले, 'आय' होती तिची 'माउली' केली, आणि कुजलेल्या पायांच्या जागीं कांहीं तरी कमलासारखें घातलें. अंकांत ती अग्रभागीं छापली. तिला बक्षीसही मिळालें. अंक हातांत घेऊन तो मुलगा माझ्याकडे आला, माझ्या पायां पडला, आणि संकोचानें म्हणाला, "सर, लई चांगलं झालंय. पण ह्यातलं माझ्या आईला काय बी कळायचं न्हाई."

मीं हंसून त्याला सांगितलें, कीं आईला कळावें म्हणून कोणी कविता लिहीत नाहीं. तो "व्हय सर" म्हणाला आणि गेला. त्यानंतर त्यानें मजकडे कविता आणली नाहीं. तो पुढें काय करतो, लिहितो कीं नाहीं, याची चौकशी मीं केली नाहीं. आणि चौकशी केली नाहीं हीच मला आज सर्वांत अधिक टोंचणारी गोष्ट आहे. गाणाऱ्यांनीं गल्ली सोडली म्हणून आपण त्यांस दोष देतों. त्या मुलाला गल्लीबाहेर काढणारा मी होतों. आई जेथें उत्तर देऊं शकणार नाहीं अशा उंच जागीं मीं त्याची कविता नेऊन ठेवली, आणि त्या कृत्यास संस्कार असें नांव दिलें. आमच्या पिढीच्या कित्येक शिक्षकांनीं शुद्ध भाषेच्या नांवाखालीं अशीं किती मुलें मुकीं केलीं असतील, याचा हिशेब कोणी मांडलेला नाहीं.

म्हणून आतां मला असें वाटूं लागलें आहे, कीं गल्लीचें ऋण एकट्या गाणाऱ्यावर नाहीं. तें ऐकणाऱ्यावरही आहे. आपण सुशिक्षित मंडळी या गाण्यांकडे दोनच प्रकारें पाहतों : एक तर नाक मुरडतों, नाहीं तर मुलांच्या आग्रहानें चित्रपट पाहून डोळे पुसतों. दोन्ही वेळां आपण सुरक्षित राहतों. उत्तर आपल्यालाही द्यावयाचें आहे, हें आपल्या ध्यानांतच येत नाहीं. उसाचे पैसे कां थकले, एस.टी. वेळेवर कां येत नाहीं, वस्तींतल्या मुलाला आपल्या भाषेंत पहिला शब्द उच्चारण्यासाठीं परक्या देशाचा ठेका कां उसना घ्यावा लागला, हे सवाल त्या गाण्यांतून आपल्याच दिशेनें टाकलेले असतात. फडाची रीत सांगते, कीं सवाल आला तर जबाब द्यावा, नाहीं तर हार मानावी. कानांवर हात ठेवून बसण्याची मुभा फडांत नसे.

दोन तासांनीं दरड निघाली, गाड्या हलूं लागल्या. उठतांना मीं त्या मुलाला विचारलें, "हें तूं घरीं आईला म्हणून दाखवितोस काय?" तो चपापला. मग मित्रांकडे पाहून ओशाळें हंसत म्हणाला, "न्हाई सर. ती चुका काढंल."

मावशी आंतून म्हणाली, "मग तिलाच आदी दाखीव."